हायड्रॉलिक गेलं तर विमान कशाच्या जोरावर वळतं?

निरभ्र

बऱ्याच दिवसांपासून या विषयावर सविस्तर चर्चा व्हावी असं मनात होतं. प्रश्न साधा आहे. मोठ्या प्रवासी विमानातल्या हायड्रॉलिकचा, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या यंत्रणेचा, दाब गेला, तर वैमानिकाच्या हातात काय उरतं?

थोडी पार्श्वभूमी देतो. लहान विमानात दांडा ओढला की तार ओढली जाते आणि शेपटीवरचा एलिव्हेटर, म्हणजे नाक वर-खाली करणारा पृष्ठभाग, हलतो. मोठ्या जेटमध्ये त्या एलिव्हेटरवर हवेचा एवढा जोर असतो की माणसाच्या दंडाला तो झेपणार नाही. म्हणून कॉकपिटमधून निघालेली तार किंवा विजेचा संदेश एका व्हॉल्व्हपाशी थांबतो. व्हॉल्व्ह तेलाला वाट करून देतो आणि पुढचं काम तेल करतं. नेहमीचा दाब ३००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) असतो. एअरबस ए३८०, ए३५० आणि बोइंग ७८७ मध्ये तो ५००० आहे. दाब वाढवला की तेवढंच काम लहान सिलिंडर आणि बारीक नळ्यांत होतं, वजन वाचतं.

पण मग ७४७ सारख्या विमानातलं सगळं तेल गेलं तर? वैमानिकाने कितीही जोर लावला तरी बाहेर काहीच हलत नाही.

"तीन-चार स्वतंत्र यंत्रणा असतात, काळजी नको" हे उत्तर सगळीकडे मिळतं. ते खरं आहे, पण अपुरं आहे. १९८५ मध्ये चार यंत्रणांच्या विमानातल्या चारही गेल्या आणि १९८९ मध्ये तीन यंत्रणांच्या विमानातल्या तिन्ही. यंत्रणा किती आहेत यापेक्षा त्यांच्या नळ्या कुठून नेल्या आहेत हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जाणकारांनी लिहावं ही विनंती.

पक्कड

विमानांच्या देखभालीत आहे, त्यामुळे नळ्यांबद्दल लिहितो.

प्रत्येक यंत्रणेची टाकी वेगळी, पंप वेगळे, नळ्या वेगळ्या. एकीचं तेल दुसरीत जात नाही. तेल जांभळट रंगाचं, फॉस्फेट एस्टर जातीचं, सहज पेट न घेणारं. कातडीला आणि डोळ्यांना मात्र वाईट. टाकीतसुद्धा हवेचा थोडा दाब ठेवावा लागतो, नाहीतर उंचीवर पंपाच्या तोंडाशी बुडबुडे होतात आणि पंप नुसताच फिरत राहतो.

दाब कमी पडू लागला की प्रायॉरिटी व्हॉल्व्ह फ्लॅप (पंखामागचे उचल वाढवणारे पडदे), लँडिंग गिअर (चाकं) अशा जास्त तेल खाणाऱ्यांची वाट आधी बंद करतात आणि उरलेला दाब एलिव्हेटर, एलेरॉन (पंखांवरचे, विमान कलवणारे) आणि रडर (शेपटीवरचा, नाक डावी-उजवीकडे नेणारा) यांच्यासाठी राखतात. काही नळ्यांवर हायड्रॉलिक फ्यूज असतो. ठरलेल्या मापापेक्षा जास्त तेल एका दिशेने वाहून गेलं, म्हणजे पुढे नळी फुटली असं धरून तो ती वाट बंद करतो.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. एका एलिव्हेटरला दोन ॲक्चुएटर, म्हणजे तेलाच्या दाबाने तो हलवणारे सिलिंडर, असतात, दोन वेगवेगळ्या यंत्रणांवर. एकाचा दाब गेला तर त्याने दुसऱ्याला अडवता कामा नये. म्हणून दाब गेलेला ॲक्चुएटर आतलं तेल एका बारीक छिद्रातून इकडून तिकडे जाऊ देतो. दुसरा त्याला सोबत ओढत नेतो आणि छिद्रामुळे पृष्ठभाग फडफडतही नाही. दोन्ही गेले तरी हा डॅम्पर उरतो, आणि तो उरणं फार गरजेचं आहे, कारण वेगात फडफड सुरू झाली तर पृष्ठभाग तुटून जाऊ शकतो.

सावनी

पक्कड, छान समजलं. एक शंका. ए३२० मध्ये जमिनीवर कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो, तो पीटीयूचा असं वाचलंय. ते यंत्र एका यंत्रणेतून दुसरीला दाब देतं ना? मग एकीला गळती लागली तर दुसरीचंही तेल जाणार नाही का?

पक्कड

नाही जाणार. पीटीयू म्हणजे एकाच दांड्यावर बसवलेली दोन यंत्रं, एक पिवळ्या यंत्रणेत, दुसरं हिरव्या यंत्रणेत (ए३२० च्या तीन यंत्रणांची नावं रंगांवरून आहेत: हिरवी, पिवळी, निळी). ज्या बाजूला दाब आहे ती मोटर बनून दांडा फिरवते आणि दुसरी बाजू पंप बनते. ताकद पलीकडे जाते, तेल जात नाही. दोन्हींच्या दाबात ५०० पीएसआयचा फरक पडला की ते आपोआप सुरू होतं.

पण तुमची शंका अगदीच चुकीची नाही. हिरव्याची टाकीच रिकामी झाली असेल तर पीटीयूला ढकलायला पलीकडे काही नसतं. ते सुसाट फिरत राहतं आणि चांगल्या बाजूचं तेल तापू लागतं. वेळीच थांबवलं नाही तर पिवळी यंत्रणाही हातची जाऊ शकते. म्हणून टाकीतली पातळी खाली गेल्याचा इशारा आला की पीटीयू बंद करायला सांगतात.

उत्तरायण

ए३२० चं नाव निघालंच आहे तर त्यातली वाटणी सांगतो, कारण ती विचारपूर्वक केलेली आहे.

हिरवी यंत्रणा पहिल्या इंजिनाच्या पंपावर, पिवळी दुसऱ्याच्या पंपावर, निळी विजेच्या पंपावर. दोन्ही इंजिनं गेली आणि वीजही गेली तर पोटाखालून रॅट, म्हणजे वाऱ्यावर फिरणारा छोटा पंखा, बाहेर येतो आणि निळीला सुमारे २५०० पीएसआय दाब देतो. डावा एलिव्हेटर हिरव्या-निळ्यावर, उजवा पिवळ्या-निळ्यावर, एलेरॉन हिरव्या-निळ्यावर, रडर तिन्हींवर. कोणतीही एक गेली तर उडवताना जवळजवळ फरक जाणवत नाही.

दोन गेल्या की खरं काम सुरू होतं. हिरवी आणि निळी गेली तर एलेरॉन मेले, विमान पंखांवरच्या, पिवळ्या यंत्रणेवर चालणाऱ्या स्पॉयलरनी (उचल कमी करणाऱ्या झडपांनी) वळवायचं आणि एकच एलिव्हेटर उरतो. हिरवी आणि पिवळी गेली तर एलिव्हेटर दोन्ही चालतात, पण शेपटीचा आडवा पंख, ज्याने ट्रिम होतं, म्हणजे दांड्यावर सतत जोर न लावता नाक ठरलेल्या जागी राहतं, तो आहे तिथेच गोठतो. फ्लॅपही गोठतात.

या दुसऱ्या प्रसंगातली एक बारकाई मला फार आवडते. आडवा पंख गोठल्यावर ट्रिमचं काम संगणक एलिव्हेटरकडून करून घेतो. पण चाकं खाली आली की संगणक डायरेक्ट लॉमध्ये, म्हणजे दांड्याची हालचाल थेट पृष्ठभागाला देणाऱ्या पद्धतीत, जातो आणि ती मदत बंद होते. तेव्हा नाक एकदम वर किंवा खाली जाऊ नये म्हणून त्या क्षणाची एलिव्हेटरची सरासरी स्थिती तो लक्षात ठेवतो आणि तीच पुढे मधली जागा मानतो. त्यासाठी वैमानिकाने आधी फ्लॅप-स्लॅटची (स्लॅट म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेचे तसेच पडदे) मांडणी पुरी करायची, वेग उतरण्याच्या वेगावर स्थिर करायचा आणि मगच चाकं काढायची. एरवीच्या सवयीपेक्षा हा क्रम वेगळा आहे. चेकलिस्टमध्ये ही ओळ का आहे हे ज्याला ठाऊक आहे, तो ती घाईत ओलांडत नाही.

मृगजळ

रॅटचा विषय निघाला म्हणून. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाच्या ७६७ चं इंधन हवेतच संपलं. दोन्ही इंजिनं बंद, म्हणजे त्यांचे पंपही बंद. कॅप्टन बॉब पिअर्सन यांनी ते विमान रॅटच्या दाबावर ग्लायडरसारखं कॅनडातल्या गिमलीच्या जुन्या हवाईतळावर उतरवलं. रॅटची अडचण अशी की तो वाऱ्यावर चालतो. उतरताना वेग कमी झाला की दाबही कमी होतो, आणि नेमकं तेव्हाच नियंत्रण जास्त लागतं. चाकं स्वतःच्या वजनाने खाली आली, पुढचं चाक मात्र लॉक झालं नाही. सगळे वाचले.

दीर्घिका

७३७ बद्दल कुणी लिहिलं नाही अजून. तिथला विचार निराळा आहे. ए आणि बी अशा दोन मुख्य यंत्रणा आणि तिसरी स्टँडबाय. ए आणि बी दोन्ही गेल्या तरी एलेरॉन आणि एलिव्हेटर तारांनी थेट हातांशी जोडलेले आहेत, दंडाच्या जोरावर विमान उडवता येतं. जड जातं, दोघांनी मिळून ओढावं लागतं, पण येतं. रडरला स्टँडबायचा दाब मिळतो. फ्लॅपसाठी विजेची पर्यायी मोटर आहे, चाकं हाताने कड्या ओढून सोडता येतात. त्या आकाराच्या विमानात हे जमतं, ७४७ च्या आकारात नाही.

आणि दाब जाणं एवढाच धोका नाही, हेही ७३७ नेच शिकवलं. ३ मार्च १९९१ रोजी कोलोराडो स्प्रिंग्जजवळ आणि ८ सप्टेंबर १९९४ रोजी पिट्सबर्गजवळ दोन ७३७ कोसळली. दुसऱ्यात १३२ जण गेले. दोन्हीकडे तेल होतं, दाब होता. पण रडरच्या व्हॉल्व्हमधला एक भाग अडकला तर रडर वैमानिकाच्या पायाच्या उलट दिशेला जाऊ शकतो, हे बऱ्याच वर्षांच्या तपासानंतर उघड झालं. त्यानंतर रडरची ती यंत्रणाच नव्याने बनवली गेली. मला हा अपघात सर्वांत अस्वस्थ करतो. यंत्रणा बंद पडली तर निदान कळतं तरी.

निरभ्र

सगळ्यांचे मनापासून आभार. आता ज्या दोन घटनांमुळे मी धागा काढला त्यांवर येतो.

१२ ऑगस्ट १९८५. जपान एअरलाइन्सचं ७४७, टोकियोहून ओसाकाला निघालेलं. याच विमानाची शेपूट १९७८ मध्ये उतरताना धावपट्टीला घासली होती आणि मागच्या प्रेशर बल्कहेडची, म्हणजे केबिनमधली हवा अडवून धरणाऱ्या मागच्या भिंतीची, दुरुस्ती झाली होती. जोडपट्टी एकसंध हवी होती, ती तुकड्यांत बसवली गेली आणि रिव्हेटांच्या दोन ओळींऐवजी एकाच ओळीवर भार आला. सात वर्षं ती टिकली. त्या दिवशी उड्डाणानंतर १२ मिनिटांनी फुटली, केबिनमधली हवा शेपटीत घुसली आणि उभ्या पंखाचा बराचसा भाग उडून गेला. चारही यंत्रणांच्या नळ्या तिथून जात होत्या. चारही रिकाम्या झाल्या.

तरीही ते विमान सुमारे ३२ मिनिटं हवेत राहिलं. वैमानिकांनी इंजिनांचा जोर कमी-जास्त केला, चाकं खाली काढून डोलणं कमी केलं, विजेच्या मोटरने फ्लॅप काढले. ५२४ पैकी ५२० जण गेले. चौघीच वाचल्या.

१९ जुलै १९८९. युनायटेडचं डीसी-१०, डेन्व्हरहून शिकागोला. शेपटीतल्या दुसऱ्या इंजिनाच्या पुढच्या पंख्याची टायटॅनियमची चकती फुटली. धातूतच जन्मापासून दोष होता, तिथून तडा वाढत गेला आणि तपासणीत तो सापडला नाही. तुकड्यांनी शेपटीतल्या नळ्या कापल्या. तिन्ही यंत्रणांचा दाब शून्यावर आला. कॅप्टन अल हेन्स, त्यांचे दोन सहकारी, आणि प्रवासी म्हणून बसलेले प्रशिक्षक वैमानिक डेनिस फिच. फिच यांनी कॉकपिटमध्ये येऊन उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल (जोर कमी-जास्त करायचे दांडे) हातात घेतले. विमान सतत उजवीकडे झुकत होतं. ४४ मिनिटांनी अमेरिकेतल्या सू सिटीच्या धावपट्टीवर ते सुमारे २१५ नॉट वेगाने टेकलं, उजवा पंख आधी आदळला आणि विमान मोडलं. २९६ पैकी ११२ जण गेले, १८४ वाचले.

दोन्हीकडे कारणं निराळी, जागा मात्र एकच. शेपूट. एलिव्हेटर आणि रडर तिथेच असल्याने सगळ्या यंत्रणांना तिथे जावंच लागतं. टाक्या वेगळ्या, पंप वेगळे, आणि शेवटच्या काही मीटरमध्ये सगळ्या नळ्या शेजारी-शेजारी. कागदावर स्वतंत्र असलेल्या यंत्रणा एका घावात सापडल्या.

पक्कड

निरभ्र, पुढे काय बदललं ते जोडतो. ७४७ च्या चौथ्या यंत्रणेत शेपटीकडे जाण्याआधी फ्यूज बसवला गेला, म्हणजे शेपूट गेली तरी ती एक यंत्रणा पुढच्या भागासाठी शिल्लक राहावी. डीसी-१० च्या तिसऱ्या यंत्रणेत बंद होणारा व्हॉल्व्ह आला. तेलाची पातळी घसरली की तो शेपटीकडचा मार्ग तोडतो आणि उरलेलं तेल पंखांसाठी वाचवतो.

नव्या विमानांत आराखड्याच्या वेळीच इंजिनाची चकती फुटली तर तुकडे कोणत्या पट्ट्यात उडतील ते मांडतात आणि एकाच तुकड्याच्या वाटेत सगळ्या नळ्या येणार नाहीत अशी मांडणी करतात. मी रोज नळ्या पाहतो. एक जमिनीजवळून जाते, दुसरी छताजवळून, तिसरी भलत्याच बाजूने. नव्या मुलांना ते अवघड आणि उगाच लांबवलेलं वाटतं. त्यांना मी हे दोन अपघात सांगतो.

आणखी एक: २५ मे १९७९, शिकागो, पुन्हा डीसी-१०. डावं इंजिन उड्डाण घेतानाच सुटून पडलं आणि जाताना पंखाच्या पुढच्या कडेतल्या नळ्या तोडून गेलं. त्या बाजूच्या स्लॅटना जागेवर धरून ठेवणारं तेल गेलं, हवेने ते आत ढकलले, तो पंख स्टॉल झाला, म्हणजे त्याची उचल गेली. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे दोघे गेले. स्लॅटना यांत्रिक कुलूप असतं तर ते बाहेरच राहिले असते.

सावनी

वाचून गलबलून आलं. पण नुसत्या इंजिनांवर विमान वळतं तरी कसं? आणि खाली-वर कसं होतं?

उत्तरायण

सावनी, वळवणं त्यातल्या त्यात सोपं. डाव्या इंजिनाचा जोर वाढवला की नाक उजवीकडे जातं, डावा पंख थोडा वेगाने पुढे जातो, त्याला जास्त उचल मिळते आणि विमान उजवीकडे कलतं. प्रत्येक गोष्ट काही सेकंद उशिरा घडते. इंजिनाला वेग घ्यायला वेळ लागतो, विमानाला कलायला वेळ लागतो. म्हणून दिसतंय त्यावर हात न चालवता पुढे काय होणार आहे त्यावर चालवावा लागतो.

खाली-वर होणं खरं कठीण. शेपूट ज्या स्थितीत गोठली, तिने विमानाचा वेग ठरवून टाकलेला असतो. जोर वाढवला तर वेग वाढत नाही, विमान वर चढतं. कमी केला तर उतरतं. त्यातच मोठ्या लाटेवरच्या होडीसारखं ते डोलू लागतं: नाक खाली, वेग वाढला, उचल वाढली, नाक वर, वेग घटला, पुन्हा खाली. याला फ्यूगॉइड म्हणतात आणि एका फेरीला मिनिटभर लागू शकतं. ते शमवायचं तर नाक खाली जात असताना जोर वाढवायचा आणि वर येऊ लागलं की काढून घ्यायचा, जे वैमानिकाच्या सगळ्या सवयींच्या विरुद्ध आहे. धावपट्टीवर टेकताना तुम्ही त्या लाटेच्या कोणत्या टप्प्यावर आहात, यावर सगळं ठरतं. सू सिटीला ते नेमकं शेवटच्या क्षणी नाक खाली जाण्याच्या टप्प्यात सापडले.

मृगजळ

आणि तरीही हे एकदा पूर्ण यशस्वी झालं आहे. २२ नोव्हेंबर २००३, बगदाद. डीएचएलच्या मालवाहू ए३०० ला उड्डाणानंतर डाव्या पंखावर क्षेपणास्त्र लागलं. तिन्ही यंत्रणा गेल्या, पंखाला आग, इंधनाची गळती. तिघांच्या चमूने चाकं लवकरच वजनावर खाली सोडली, त्याने डोलणं कमी झालं. मग इंजिनांच्या जोरावर विमान फिरवून त्याच विमानतळावर उतरवलं. धावपट्टी सोडून ते वाळूत गेलं, पण तिघेही जिवंत. त्यांनी जे केलं त्याला तोड नाही.

दीर्घिका

यावर नासाने प्रयोग केले आहेत. ड्रायडन केंद्रातल्या बिल बर्कम यांच्या गटाने थ्रॉटल संगणकाच्या हाती देऊन पाहिले. १९९३ मध्ये एफ-१५ हे लढाऊ विमान आणि ऑगस्ट १९९५ मध्ये एमडी-११ हे प्रवासी विमान नुसत्या इंजिनांच्या जोरावर धावपट्टीवर उतरवलं. एमडी-११ गॉर्डन फुलर्टन उडवत होते. माणसाला जो विलंब सांभाळणं जड जातं, तो संगणक सहज सांभाळतो. प्रवासी विमानांत मात्र ही सोय आली नाही. इंजिनांचं नियंत्रण आज बहुतेक सगळीकडे संगणकाकडेच आहे, तरी आली नाही. मला हे पटत नाही.

उत्तरायण

दीर्घिका, मला थोडंफार पटतं. नियम असा की विमान गमावण्याइतका बिघाड एक अब्ज उड्डाणतासांत एकदापेक्षाही विरळ असावा. बनवणारे म्हणतात, नळ्या इतक्या लांब-लांब नेल्यावर सगळं तेल जाणं त्या मर्यादेच्या पलीकडे गेलं. मग अतिविरळ प्रसंगासाठी आणखी एक संगणकप्रणाली बसवायची, तर ती स्वतः चुकणार नाही याची खात्रीही द्यावी लागते.

दीर्घिका

तोच हिशोब १९८५ आणि १९८९ च्या आधीही कागदावर जुळत होता. क्षेपणास्त्र तर कुठल्याच हिशोबात नसतं. सॉफ्टवेअरची खात्री देणं अवघड असलं तरी अशक्य नाही, ए३२० चा एलिव्हेटरची जागा लक्षात ठेवणारा संगणक तुम्हीच सांगितलात.

पक्कड

तुम्हा दोघांच्या वादात एक तिसरी वाट आली आहे. ए३८० मध्ये तीनऐवजी दोनच हायड्रॉलिक यंत्रणा आहेत आणि तिसरी जागा विजेने घेतली आहे. काही एलेरॉन आणि एलिव्हेटरवर ईएचए नावाचे डबे आहेत. त्या डब्यातच छोटी टाकी, छोटा पंप आणि विजेची मोटर. बाहेरून फक्त तारा येतात. दोन्ही मुख्य यंत्रणा कोरड्या पडल्या तरी हे डबे चालतात. ए३५० मध्येही हाच विचार आहे. ७८७ मध्ये हायड्रॉलिक तीन आहेत, पण काही स्पॉयलर आणि आडव्या पंखाचं ट्रिम विजेवर आहे.

याची परीक्षा ४ नोव्हेंबर २०१० ला झाली. क्वांटासचं ए३८०, सिंगापूरहून निघाल्यावर बाटाम बेटावर असताना दुसऱ्या इंजिनाची टर्बाइन चकती फुटली. शेकडो तारा तुटल्या, हिरवी यंत्रणा गेली, पिवळीच्याही काही पंपांचा दाब गेला. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी आणि त्यांच्या चमूने इशाऱ्यांची लांबलचक यादी एकेक करून निस्तरली, हवेतच नियंत्रणं तपासून पाहिली, चाकं वजनावर सोडली आणि ४६९ जणांना सुखरूप परत आणलं. फुटलेली चकती तशीच, तुकडे तसेच, पण या वेळी सगळं एका वाटेवर नव्हतं.

सावनी

म्हणजे एकच यंत्रणा गेली तर घाबरायचं कारण नाही, बरोबर ना?

पक्कड

घाबरायचं नाही, पण उरलेल्या गोष्टी तपासायला विसरायचं नाही. १ नोव्हेंबर २०११ रोजी लॉट कंपनीचं ७६७ नेवार्कहून वॉर्साला निघालं आणि उड्डाणानंतर लगेच मधल्या यंत्रणेचं तेल एका फुटलेल्या नळीतून गेलं. बाकी दोन यंत्रणा ठणठणीत. अटलांटिक ओलांडलं, विमान व्यवस्थित उडत होतं. वॉर्साला चाकं पर्यायी मार्गाने, विजेच्या मोटरने सोडायची होती. ती सुटलीच नाहीत. कॅप्टन टाडेउश व्रोना यांनी विमान पोटावर उतरवलं, २३१ जणांपैकी कुणालाही गंभीर इजा झाली नाही. नंतर कॉकपिटमध्ये एक सर्किट ब्रेकर बाहेर आलेला सापडला. तो आत दाबल्यावर चाकं खाली आली.

जमिनीवरही काम संपत नाही. नाकाचं चाक वळत नाही, फ्लॅप अर्धवट असल्याने वेग जास्त असतो, आणि ए३२० मध्ये ब्रेकच्या साठवणटाकीत सात वेळा पूर्ण दाबण्याइतकंच तेल असतं. म्हणून ब्रेक सोडून-सोडून दाबायचे नाहीत, एकदा दाबून धरायचे.

निरभ्र

सू सिटीनंतर तशाच बिघाडाचा सराव सिम्युलेटरवर अनुभवी वैमानिकांकडून करून घेतला होता. सुखरूप उतरवणं कुणालाच जमलं नाही, आणि तपास मंडळाने असं प्रशिक्षण देणं व्यवहार्य नाही असा निष्कर्ष काढला. दीर्घिकांच्या मुद्द्याला माझा पाठिंबा याच कारणासाठी आहे. जे माणसाला शिकवता येत नाही असं मंडळानेच म्हटलं, ते संगणकाने सहा वर्षांनी एमडी-११ वर करून दाखवलं.